‘घेऊ का?’ : ठाण्यातल्या एका टाकीतल्या समुद्रपुष्पाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-मुलुंड भागात मी गेली सोळा वर्षे खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवतो आणि सांभाळतो. हे प्रकरण माझ्याच एका ग्राहकाच्या घरातले आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे, नावे गाळली आहेत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. माझी चूक मात्र जशी झाली तशीच ठेवली आहे.

घरात तिघे जण: वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे साधारण तीनशे लिटरची टाकी बसवली. पाणी स्थिरावल्यावर त्यात दोन क्लाउनफिश, म्हणजे केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे मासे, सोडले. ते समुद्रातून पकडलेले नव्हते, हॅचरीत जन्मलेले होते. आपल्याकडे हे आता अवघड राहिलेले नाही. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ती होते. सोबत वाळूत राहणारा एक छोटा गोबी मासा होता. ‘पहिले वर्षभर नाजूक काही घेऊ नका,’ एवढे मी सांगितले होते. नाजूक म्हणजे काय आणि का नको, हे सांगितले नव्हते.

निज श्रावणातल्या एका रविवारी दुपारी वडिलांचा फोटो आला. दुकानातल्या काचेच्या टाकीत हिरवट-तपकिरी, गालिच्यासारखे पसरलेले समुद्रपुष्प. खाली ओळ होती: ‘घेऊ का? दुकानदार म्हणतोय हार्डी आहे. लेकीला खूप आवडलंय.’

मी एका साइटवर सम्पची, म्हणजे पाणी गाळायच्या खालच्या टाकीची, गळती काढत होतो. ओल्या हाताने उत्तर टाकले: ‘लाइट वाढवावी लागेल. वाळूही कमी आहे.’

त्यांनी लाइट वाढवायचे ठरवले आणि समुद्रपुष्प घरी आणले.

हा प्राणी कोणता

आपण त्याला फूल म्हणतो, दुकानात ‘अ‍ॅनिमोन’ किंवा नुसताच ‘पीस’ म्हणतात, पण तो प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या कुळातला. स्पर्शकांवर दंशपेशी असतात, मध्यभागी तोंड असते, तळाशी मांसल पाय असतो आणि त्या पायाने तो खडकाला किंवा वाळूखालच्या दगडाला धरून बसतो. क्लाउनफिशना घर देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या साऱ्या जगात जेमतेम दहा जाती आहेत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. उजेड कमी पडला किंवा प्राण्यावर ताण आला की शैवाल निघून जाते आणि रंग फिका पडतो. दुकानात पांढरे किंवा फिकट पिवळे समुद्रपुष्प दिसते ना, ते बहुतेक वेळा असे उपाशी पडलेले असते. लोक त्याला दुर्मिळ रंग समजून जास्त पैसे मोजतात.

ठाण्यात आले ते हॅडनी जातीचे, ज्याला कार्पेट अ‍ॅनिमोन म्हणतात. मन्नारच्या आखातात आणि कच्छच्या आखातात, उथळ पाण्यातल्या वाळूत ते राहते. डिवचले की वाळूत आत ओढून घेते, त्यामुळे काढायचे तर खणावे लागते. समुद्रात त्याच्या आश्रयाला सेबी जातीचे क्लाउनफिश असतात, डॅसिलस नावाच्या छोट्या माशांची पिल्ले असतात, काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या आणि इवले खेकडे असतात. समुद्रपुष्प गेले की क्लाउनफिशला आडोसा उरत नाही आणि मोठा मासा त्याला फार वेळ जगू देत नाही. म्हणून ग्राहक जेव्हा ‘एकच तर पीस घेतला’ म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चाळीतले एक अख्खे बिऱ्हाड येते.

वयाचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. या प्राण्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या डॅफ्नी फॉटिन यांचे मत असे होते की, यजमान समुद्रपुष्पे अनेक दशके जगतात, कदाचित काही शतकेही. असा प्राणी काढला तर त्याची जागा पुढच्या हंगामात भरून निघत नाही. फिलिपीन्समध्ये सेबू बेटाजवळ झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शोभेचे जीव गोळा करणाऱ्यांच्या एकूण मालात जवळपास साठ टक्के क्लाउनफिश आणि समुद्रपुष्पेच होती, आणि जिथे पकड चालू होती तिथे दोघांचीही संख्या संरक्षित भागापेक्षा कमी आढळली.

अडचण

मला फोन आला तो तीन आठवड्यांनी. गोबी नाहीसा झाला होता. मुलीने सकाळी समुद्रपुष्पाच्या तोंडातून शेपटीचे टोक बाहेर आलेले पाहिले होते. ही जात मासे खाते, आणि तिच्या नैसर्गिक खाद्यातला तो भागच आहे. दुकानात हे कोणी सांगितले नव्हते.

मी गेलो तेव्हा समुद्रपुष्प वाळूत नव्हतेच. टाकीत वाळू तीन-चार सेंटिमीटर होती, त्याला किमान दहा-बारा लागते. पाय रोवायला जागा न मिळाल्याने ते भटकत भटकत मागच्या काचेवर चढले होते, पाणी खेळते ठेवणाऱ्या वेव्हमेकरच्या पंख्यापासून वीतभर अंतरावर. तिथून आणखी सरकले असते तर पात्यांत चिरडले असते. रंग उतरला होता, तोंड सैल पडले होते. पाण्यात नायट्रेट चढलेले होते. चार-पाच महिन्यांच्या टाकीत ते चढतेच.

क्लाउनफिश मात्र समोरच्या कोपऱ्यात, पाणी परत येणाऱ्या पाइपजवळ झोपत होते. हे ऑसेलारिस जातीचे, समुद्रात त्यांची घरे वेगळ्या समुद्रपुष्पांत असतात. कधीकधी टाकीत ते हॅडनीतही जातात, पण हे दोघे तीन आठवड्यांत त्याच्या जवळही फिरकले नव्हते. जिथे शिकारी मासा नाही तिथे क्लाउनफिशला समुद्रपुष्पाची गरजच नसते. मुलगी म्हणाली, ‘काका, माशांना ते नकोच आहे. मग आपण ते कोणासाठी ठेवलंय?’

तिच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी टाकीकडे पाहत राहिलो.

समोरचे पर्याय

गणपती चार दिवसांवर आले होते. हॉलमध्ये मखराचे सामान पसरले होते आणि आम्ही चौघे टाकीपुढे बसून बोलत होतो.

आईंचे म्हणणे सरळ होते: ‘अहो, समुद्रातून आणलंय ना, मग समुद्रातच सोडू. अलिबागला नाहीतरी जायचंच आहे.’ ऐकायला हे इतके योग्य वाटते की ‘नको’ म्हणताना आपणच निर्दय ठरतो. तरी मी नको म्हटले. दुकानदाराने माल रामेश्वरमकडचा सांगितला होता. ते खरे मानले तर हा प्राणी हजार किलोमीटरहून दूरच्या, दुसऱ्या किनाऱ्याचा. सप्टेंबरातले आपल्याकडचे किनाऱ्यालगतचे पाणी पावसाने गोडसर झालेले आणि गाळाने गढूळ. त्यात दुबळे झालेले समुद्रपुष्प टिकण्याची शक्यता फार थोडी. त्याहून मोठी गोष्ट अशी की दुकानाच्या आणि घरच्या टाकीत ते कुठकुठल्या समुद्रांतल्या माशांसोबत एकाच पाण्यात राहिले होते. त्यांचे जंतू आणि परजीवी सोबत घेऊन ते खडकांत जाणार. एका जिवावर दया दाखवताना किनाऱ्यावरच्या बाकीच्यांना धोक्यात टाकण्याचा हक्क आपल्याला नाही. ज्या डबक्यातून उचलले त्याच डबक्यात, दुसऱ्या कुठल्या पाण्याचा स्पर्श न होता, तासाभरात परत ठेवले तर गोष्ट वेगळी असती.

दुसरा पर्याय दुकानाला परत देण्याचा. दुकानदार तयार होता, निम्मे पैसेही देणार होता. पण पुढच्या रविवारी ते दुसऱ्या कोणाच्या तरी चार महिन्यांच्या टाकीत गेले असते. हा पर्याय मुलीने एका वाक्यात निकालात काढला आणि ते बरोबरच होते.

वडिलांना ते घरीच ठेवून टाकी सुधारायची होती. त्यांनी बरेच वाचले होते. एडिनबर्गचे उदाहरण त्यांनीच काढले: १८२८ मध्ये निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियल यांनी नॉर्थ बेरिकच्या खडकांतून एक समुद्रपुष्प उचलून बरणीत ठेवले. डॅलियल गेल्यावर ते एका हातून दुसऱ्या हाती गेले, लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणू लागले, आणि ते थेट १८८७ पर्यंत जगले. मधल्या काळात त्या बरणीत त्याला शेकडो पिल्ले झाली. ‘म्हणजे माणसाच्या घरी जगू शकतं ना?’ ते म्हणाले.

हे उदाहरण खरे आहे आणि ते टाळून पुढे जाणे मला पटत नाही. पण ग्रॅनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जातीची होती. त्या जातीत शैवाल नसते, तिला प्रखर उजेड लागत नाही, उन्हाळा-थंडी, कोरडे-ओले सगळे सोसायची तिला सवय असते. तिच्या पालकांनी हाताने समुद्राचे पाणी बदलले आणि अधूनमधून शिंपल्यातला तुकडा भरवला, एवढ्यावर ती जगली. हॅडनीचे तसे नाही. आणि त्या काळाची दुसरी बाजूही आहे. १८५० च्या दशकात निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांच्या लिखाणाने इंग्लंडात घरोघरी समुद्री टाक्यांचे वेड पसरले. लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर गेले आणि खडकांतली डबकी ओरबाडून नेली. पुढे गॉस यांच्याच मुलाने, एडमंडने, त्या उजाड झालेल्या डबक्यांबद्दल खेदाने लिहिले. वडिलांचा समुद्रावर जीव होता आणि त्याच जिवातून ही नासधूस झाली, हे त्याला दिसले होते.

आमच्या टाकीचा हिशेब तर साधा होता. वाळू वाढवायची तर सगळे ढवळून निघणार, पाणी बिघडणार, आणि पुढचे सहा महिने टाकी पुन्हा कच्ची राहणार. तेवढा अवधी त्या प्राण्याकडे नव्हता.

एखाद्या सार्वजनिक मत्स्यालयाला द्यावे, असेही सुचले. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय तेव्हा बंद होते.

शेवटचा पर्याय मीच मांडला: मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात त्याला बधिर करून वेदनेविना संपवणे. प्रयोगशाळांत समुद्रपुष्पांना गुंगी देण्यासाठी हेच वापरतात. आईंना ते ऐकवले नाही. ‘त्याला मेंदू नसतो म्हणतात, मग दुखतं तरी का?’ असे वडिलांनी विचारले. मेंदू नाही, मज्जातंतूंचे जाळे आहे. मात्र २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एका छोट्या समुद्रपुष्पाला उजेड आणि विजेचा सौम्य झटका एकत्र दिला. काही वेळाने ते नुसत्या उजेडालाही आकसू लागले. याला दुःख म्हणावे की नाही, हे मी ठरवू शकत नाही. पण जो प्राणी शिकतो त्याला ‘वस्तू’ म्हणून बाजूला सारणे मला जमत नाही. संपवण्याचा पर्याय आम्ही शेवटचा म्हणून राखून ठेवला.

काय केले

पुण्यात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांची नऊशे लिटरची टाकी तेव्हा पाच वर्षांची होती, एका बाजूला वितीहून खोल वाळू, वर भक्कम लाइट, पाणी गार ठेवणारा चिलर. त्यांना रात्रीच फोन केला. त्यांनी लगेच होकार दिला नाही. हॅडनी आपले मासे खाईल ही भीती त्यांना होती, आणि अशी ‘सोडवलेली’ समुद्रपुष्पे घेत गेलो तर लोक निर्धास्तपणे विकत घेतील, ही दुसरी भीती. दुसरी मला जास्त पटली. शेवटी दोन अटींवर ते तयार झाले: पैशांचा व्यवहार नाही, आणि या कुटुंबाने पुन्हा समुद्रातून पकडलेले समुद्रपुष्प आणायचे नाही.

काचेवरून त्याला सोडवणे हे सगळ्यांत नाजूक काम होते. पाय फाटला तर जखम चिघळते आणि मग बहुधा काही उरत नाही. पंप बंद केले. काचेच्या बाहेरून, बरोबर पायामागे, बर्फाची पिशवी धरली. काच जाड असल्याने गारवा आत पोहोचायला वेळ लागला. मुलगी आणि मी आळीपाळीने पिशवी धरून बसलो होतो. पाऊण तासाने एक कड सुटली. मग हातमोजे घालून, बोटाच्या पेराने, एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढे. सव्वा तासात पूर्ण पाय अखंड सुटला.

दोन पिशव्या एकात एक घालून, थर्मोकोलच्या पेटीत ठेवून पहाटे चारला निघालो. आई दारापर्यंत आल्या. त्यांनी पेटीला हात लावून नमस्कार केला.

पुढे काय झाले

पुण्यात पहिले दहा दिवस ते मिटूनच होते. मग वाळूत उतरले. दिवाळीपर्यंत तपकिरी रंग परत आला, आठवड्यातून एकदा कोळंबीचा तुकडा घेऊ लागले. मुलीला फोटो जात होते. डिसेंबरात तिघेही पाहायला गेले, तेव्हा ते मोठ्या ताटाएवढे पसरले होते.

पुढच्या मे महिन्यात एका रात्री वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली होती. चिलर आणि पंप दोन्ही बंद पडले, आणि घरातल्या कोणालाही सकाळपर्यंत जाग आली नाही. तोवर पाण्याचे तापमान बत्तीस अंशांच्या वर गेले होते. त्या गृहस्थांनी दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी समुद्रपुष्प विरघळायला लागले. त्यासोबत पाणी सडते, त्यामुळे दोन मोठे मासेही गेले. फोनवर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

एकूण आठ महिने. माझ्या माहितीतल्या उत्तम टाक्यांपैकी एक, आणि अनुभवी माणूस. समुद्रात कदाचित आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत जगले असते असे जनावर, एका जुन्या बॅटरीमुळे गेले.

मागे वळून पाहताना

हस्तांतराचा निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. त्या आठवड्यात हातात असलेल्या पर्यायांत तोच बरा होता. पण तोवर सगळे चांगले पर्याय संपलेले होते, आणि ते संपले त्या रविवारी दुपारी, माझ्या दोन वाक्यांत. ‘घेऊ का?’ हा प्रश्न होता. मी त्याला ‘कसे ठेवावे’ याचे उत्तर दिले. लाइट आणि वाळू बोलून मी त्यांना नकळत सांगितले की, अडचण सामानाची आहे, सामान आणले की सुटेल.

ही माझी जुनी सवय होती. त्या मे महिन्यानंतर मी जुन्या वह्या काढल्या. पहिल्या काही वर्षांत मी स्वतः ग्राहकांच्या टाक्यांत समुद्रपुष्पे बसवली होती. बहुतेक वर्षाच्या आत गेली होती. प्रत्येक नोंदीपुढे कारण होते: लाइट, पंप, क्षार, प्रवास. प्रत्येक वेळी कारण वेगळे, म्हणून प्रत्येक वेळी पुढच्यासाठी उपाय सुचला आणि मी पुढचे बसवले. सगळ्या नोंदी एकाखाली एक ठेवून मी कधी वाचल्याच नव्हत्या.

दुकानदाराला प्रश्न विचारता आले असते. कुठल्या पाण्यातून काढले? मन्नारच्या आखातात एकवीस बेटांभोवती १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काही काढणे गुन्हा आहे. आपल्याकडे मालवणच्या सागरी अभयारण्यातही तेच. ‘रामेश्वरमचा माल’ या शब्दांत उद्यानाच्या आतला आणि बाहेरचा असा फरक राहत नाही, आणि दुकानदारालाही तो बहुधा ठाऊक नसतो. वडिलांनी मला एकदा विचारले होते की प्रवाळ ठेवणे बेकायदा असेल तर हे कायदेशीर कसे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ मध्ये दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, सागरी पंखे, समुद्री काकड्या, समुद्रघोडे आले. समुद्रपुष्प त्या यादीत नव्हते. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ परवानगी घेऊन दुसरीकडे हलवले गेले. त्याच प्रकारच्या खडकांना धरून राहणाऱ्या समुद्रपुष्पासाठी कोणी परवानगी मागत नाही. कायद्याने अडवले नाही म्हणून विकणारा मोकळा, घेणारा मोकळा, आणि माझ्यासारखा मधला माणूसही मोकळा.

एक आक्षेप मला टाळता येत नाही. पाण्यात उतरून हे जीव काढणाऱ्या माणसाचेही पोट त्यावर आहे, आणि शहरात बसून त्याला ‘बंद कर’ म्हणणे सोपे आहे. पण ठाण्यात मोजलेल्या पैशांतला किती थोडा वाटा त्याच्या हाती पडतो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. हॅचरीतले मासे वाढवून विकण्याचे काम किनाऱ्यावरच्या बायकांचे गट करू लागले आहेत. मी आता ग्राहकांना तेच मासे सुचवतो. ज्यांना समुद्रपुष्पच हवे, त्यांना बबल टिप जातीबद्दल सांगतो. ते टाकीत दुभंगून एकाचे दोन होते, आणि दुसऱ्या कोणाच्या टाकीत असे वाढलेले मिळाले तर समुद्राला हात लावावा लागत नाही. तेही टाकी वर्षाची झाल्यावर. थांबायला तयार नसलेले दोन ग्राहक गेल्या वर्षी मी सोडले.

मुलीला समुद्रपुष्प पाहायचे होते, ही मूळ इच्छा होती आणि तिच्यात काहीच वावगे नव्हते. ती तेव्हाच ओळखून मी म्हणायला हवे होते की पावसाळा सरला की ओहोटीला गिरगाव चौपाटीच्या खडकांवर जाऊ. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रपुष्पे आहेत, लोकलच्या तिकिटात दिसतात. पुढच्या जानेवारीत आम्ही गेलो. एका डबक्यात अंगठ्याएवढी चार-पाच होती. तिने वाकून, हात मागे बांधून, बराच वेळ पाहिली.

ठाण्याच्या टाकीत आता समुद्रपुष्पाच्या जागी एक मातीची कुंडी आडवी ठेवली आहे. गच्चीत पडून होती, रंग न दिलेली. आठवडाभर क्लाउनफिश तिच्याभोवती घिरट्या घालत होते, मग आत झोपायला लागले. यंदा कार्तिकात मोठ्या माशाने कुंडीच्या आतल्या बाजूला केशरी अंड्यांचा थर घातला. छोटा मासा रात्रंदिवस पंखाने वारा घालतो. अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागल्याचा फोटो मुलीने मला पाठवला आणि विचारले, पिल्लांना पहिल्या दिवशी खायला काय लागतं. मी हातातले काम बाजूला ठेवले आणि तिला फोन लावला.